क्लेम पास्कोचा अजगर

क्लेम गेला तेव्हा व्हर्ना रडली नाही, झोपली. नवऱ्याचं दुखणं काढता काढता तिच्या अंगात त्राणच उरलं नव्हतं. शेजारपाजारच्या बाया झाकलेली भांडी घेऊन यायच्या, दार वाजवायच्या आणि भांडं पायरीवर ठेवून जायच्या. आत व्हर्ना बुटांसकट कोचावर आडवी असायची. पुरती जागी झाली तेव्हा घरात दोनच जीव उरले होते, ती आणि अर्नी. अर्नी म्हणजे क्लेमचा अजगर.

गव्हाच्या त्या मुलखात, गावाबाहेरच्या पत्र्याच्या घरात, मागच्या पडवीत त्याची काचेची पेटी होती. क्लेम धान्याच्या कोठारावर कामाला होता तेव्हा त्यानं तो स्वान हिल गावातल्या एका माणसाकडून रीतसर, परवान्यासकट आणला होता. तेव्हाच व्हर्नानं सांगून टाकलं होतं, "तुझा साप तू बघ." तिनं पाळला तो एवढाच नियम. बाकी फ्रीजमध्ये मटारशेजारी त्याच्या खाण्याचे गोठवलेले उंदीर ठेवणं तिनं सोसलं. एका नाताळाला मुलीनं, जनीननं, आइस्क्रीम समजून भलताच डबा उघडला, तेही सोसलं.

मग क्लेमला विसर पडायला लागला. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग व्हर्ना. साप तिच्या गळ्यात पडला. पहिल्याच दिवशी पडवी झाडायला घेतली तर पेटीवर तिचा लाकडी चमचा पडलेला. किती वर्षं शोधत होती ती हा चमचा! चर्चच्या जत्रेत शेजारच्या जॉइसनं ढापला असा संशय घेऊन तिनं जॉइसशी एक अख्खा उन्हाळा अबोला धरला होता. तिनं चमचा उकळत्या पाण्यातून काढला आणि परत कस्टर्डला लावला.

तेव्हापासून अर्नीनं तिच्याशी वैर मांडलं. पाणी बदलायला पेटी उघडली की झेप. विष नव्हतं त्याला, पण दात होते. तिच्या मनगटावर खुणांची माळ उमटली. ती ओव्हनचे जाड हातमोजे घालून, शिव्या पुटपुटत त्याचं करायची. आणि आत खाटेवर क्लेमची तीच तऱ्हा. लापशीचा चमचा तोंडाशी नेला की तो हात उडवून द्यायचा. एकदा तर तिच्या गालावर बसली. सबंध संसारात हात न उगारलेला माणूस! आजार आहे, नर्स म्हणायची. व्हर्ना मान डोलवायची, पण मनात म्हणायची, दोघांनाही मी नकोशी झालेय.

आता क्लेम गेल्यावर वन्यजीव खात्यातून फोन आला. बाई गोड बोलत होती.

"परवाना मिस्टर पास्कोंच्या नावावर आहे."

"ते वारले."

"हो, वाईट झालं. पण परवाना वारसानं मिळत नाही. एक तर तुमच्या नावानं काढा, नाहीतर परवाना असलेल्या कुणाला तरी प्राणी द्या."

"मागच्या झाडीत सोडून दिला तर? इथल्याच मातीतला आहे."

"नाही हो. तो पिंजऱ्यात जन्मलेला. सोडणं गुन्हा आहे. त्याचे आजार रानातल्यांना लागतील."

म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं म्हणतात, त्यातली पळायचीही सोय नव्हती. मग त्या बाईनं चौकशा सुरू केल्या. पेटीचा एक कोपरा उबदार आणि एक गार आहे ना? लपायला जागा? कुलूप? कात कधी टाकली, शेवटचं कधी खाल्लं? क्लेमच्या खाण्यापिण्याची इतकी चौकशी एकाही डॉक्टरनं केली नव्हती.

"आई, देऊन टाक आणि इकडे ये," जनीन बेंडिगो शहरातून रोज फोन करायची. "खोली तयार आहे. पण साप नको हं."

व्हर्नालाही दुसरं काही नको होतं. कुणाचं तरी करत राहायचं नाही, एवढंच हवं होतं.

साप न्यायला ग्लेनिस आली ती धान्याचा ट्रक घेऊनच. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, घरात परवान्याचे साप बाळगणारी बाई. चहा झाला. व्हर्नानं क्लेमच्या उशीचं कव्हर काढून दिलं, साप त्यातून न्यायचा होता.

"सांभाळ हं, चावरा आहे," व्हर्ना म्हणाली. "क्लेमच्या मांडीवर बसून क्रिकेट बघायचा. माझ्यावर मात्र राग."

"साप कसला राग धरतोय?" ग्लेनिस हसली. "पेटी उघडली की त्याला एकच कळतं, जेवण आलं. म्हणून आधी काहीतरी घेऊन टकटक करायचं, त्याच्या अंगाला हलकेच टेकवायचं. मग त्याला कळतं, हा हात आहे, उंदीर नाही. तुमच्या मिस्टरांनी लावलीच असेल सवय. कशानं ठोकायचे ते?"

रोज संध्याकाळी पडवीतून येणारी टकटक व्हर्नाला आठवली. क्लेम पाइप झटकतोय असं ती समजायची. पाइप त्यानं कधीच सोडला होता, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि लाकडी चमचा घेऊन आली.

"थांब. मी बघते."

तिनं काचेवर टकटक केली. दार सरकवून चमच्याची मूठ अर्नीच्या पाठीला टेकवली. अर्नीनं जीभ काढली, डोकं बाजूला घेतलं आणि सैल पडला. तिनं हातमोज्यांशिवाय हात घातला. तो जड, कोरडा देह तिच्या मनगटावरून, त्या खुणांवरून, हळूहळू वर चढला.

"बघा," ग्लेनिस म्हणाली. "गरीब आहे."

व्हर्नाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसायला हात मोकळा नव्हता.

"क्लेम पण असाच हात उडवायचा गं," ती म्हणाली. "शेवटी शेवटी. मी आपली घाईत असायची. सरळ चमचा घेऊन जायची. आधी हात लावावा, मी आहे म्हणून सांगावं, इतकं सुद्धा..."

ग्लेनिस उशीच्या कव्हराचं तोंड उघडं धरून उभी राहिली.

"ठेवायचाय का तुम्हाला?" तिनं विचारलं. "परवाना मिळेल तुमच्या नावानं. मी सांगते कसं करायचं ते."

व्हर्नानं अर्नीकडे पाहिलं. त्याला ठेवावं असं फार वाटलं तिला. पण अंगात काही उरलं नव्हतं, हेही तितकंच खरं होतं.

"नको," ती म्हणाली. "दमले मी."

तिनं स्वतःच त्याला कव्हरात उतरवलं. पेटी, दिवा, उंदरांचा डबा, सगळं ट्रकमध्ये चढलं. ग्लेनिसनं इंजिन सुरू केलं तेव्हा व्हर्ना पुन्हा घरात गेली आणि धावत बाहेर आली.

"हा पण ने," तिनं खिडकीतून लाकडी चमचा आत दिला. "त्याला सवय आहे याची."

संध्याकाळी तिनं कस्टर्ड काट्यानं ढवळलं. गुठळ्या झाल्या. तिनं तसंच खाल्लं.