बांधावरचा शिसम

मल्लखांबाला शिसम हवा, आणि शिसम सहसा सरळ वाढत नाही. त्यामुळे माझ्या मोठ्या भावाचं निम्मं आयुष्य झाडं बघत फिरण्यात गेलं. देवास गेटच्या मागे आमची शेड आहे. ओंडका खरादवर, म्हणजे लेथवर, चढवायचा आणि खाली जाड, वर निमुळता, शेवटी मान आणि बोंड असा खांब उतरवायचा. हे काम दादा वडिलांकडून शिकला आणि मी दादाकडून.

देवासच्या रस्त्याला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर एक शिसम होता. बारा फुटांपर्यंत ना फांदी, ना वाक. हा दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही, असा शब्द दादाने शेतकऱ्याकडून घेतला. पण कापायची घाई दादालाच नव्हती. "अजून दोन बोटं घेर भरू दे," म्हणायचा. दर दिवाळीनंतर आम्ही दोघं स्कूटरवर जायचो. दादा झाडाला कवेत घेऊन घेर बघायचा, मग सावलीत बसून डबा उघडायचा. वहिनी गेल्यावर त्याला आवडीने जाण्यासारखी ती एकच जागा उरली होती, असं मला वाटतं.

त्याचा मुलगा पुण्याहून फोन करायचा, "बाबा, आता इकडे या." दादाचं उत्तर ठरलेलं, "तेवढा शिसम कापू दे, मग येतो."

एका वर्षी दादा डबा सोडत होता आणि मी सहज झाडाच्या मागे गेलो. बुंध्याशी चिमूटभर भुसा पडला होता, ओलसर, ताजा. वर सालीत पेन्सिल जाईल एवढं भोक. जन्म लाकडात गेलेला माणूस मी, खोड पोखरणारी अळी मला कळत नव्हती असं नाही. पण दादा त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी हसत बोलत होता. मुंग्यांनी उकरलं असेल, असं मी मनाला सांगितलं आणि चपलेने तो भुसा मातीत मिसळून टाकला.

पुढचा पावसाळा संपल्यावर शेतकऱ्याचाच फोन आला. "भिया, तुम्हारा पेड़ ऊपर से सूख रिया है."

दादाने सायकलच्या चाकाची एक तार काढून घेतली. भोकांत ती घालून घालून त्याने अळ्या बाहेर ओढल्या, बोटाएवढ्या, पांढऱ्या, गुबगुबीत. मग पेट्रोलमध्ये भिजवलेले कापसाचे बोळे आत कोंबले आणि वरून चिखल लिंपला. सगळा हिवाळा दर रविवारी आम्ही हेच केलं. शेंडा काही हिरवा झाला नाही. उन्हाळ्यात साल हाताने सुटायला लागली, तेव्हा दादाच म्हणाला, "आता काप."

आतून खोड चाळणीसारखं झालं होतं. खरादवर चढवण्यासारखा हातभर तुकडाही निघेना. दादाने कापलेल्या तोंडावरून तळवा फिरवला आणि शेतकऱ्याला म्हणाला, "जलाने के काम ले लो." दुसऱ्या दिवशी त्याने पहिल्यांदाच आपणहून मुलाला फोन केला.

मी स्टेशनवर सोडायला गेलो. तो डब्याच्या दारात उभा होता. मला राहवलं नाही.

"दादा, तो भुसा मी आदल्या वर्षीच पाहिला होता. तुला सांगितलं नाही."

त्याने हातातली रिकामी बाटली पुढे केली. "पाणी भरून आण. गाडी सुटेल."

मी धावत जाऊन भरून आणली. त्याने घेतली. गाडी सुटली.

आता मी सागवान आणतो. चांगला असतो, कामं थांबलेली नाहीत. पण खांब झाल्यावर त्यावरून हात फिरवून "इथे अजून थोडं घास" म्हणणारं कोणी नाही. कधी कधी मी उगाचच खराद बंद करतो आणि मागे वळून बघतो.

गेल्या महिन्यात देवासहून परत येताना त्या शेतापाशी थांबलो. शेतकऱ्याने बांध मोडून सगळं एक केलंय, सोयाबीन उभं होतं. झाड नेमकं कुठे होतं, मला सापडेना. मी दादाला फोन लावला.

"विहिरीकडे पाठ कर," तो म्हणाला. "आता सरळ चाल. पावलं मोठी टाकू नकोस."

मी पिकातून जपून चालत गेलो. तो पलीकडून विचारत होता, डाव्या हाताला बाभळी दिसतात का, रस्त्यावरचं मंदिर दिसेनासं झालं का.

"झालं."

"मग तिथेच."

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "घाई नाही ना तुला?"

"नाही."

"मग थांब जरा," दादा म्हणाला. "फोन ठेवू नकोस."