नाक्यावरचं जावळ

दशरथ चिंदरकर दुपारी घरी नसे. गिरणी कामगार दुपारी घरी नसतो यात नवल काही नाही. पण १९८२ सालच्या त्या मे महिन्यात गिरणीही चालू नव्हती. जानेवारीत संप सुरू झाला आणि त्याच्या खात्यातले बहुतेक जण कोकणात आपापल्या गावी निघून गेले. दशरथ मुलुंडला राहायचा, तो मुलुंडलाच राहिला. त्याच्याकडे दोन वर्षांचा मुलगा होता.

मुलाचं नाव चंद्रप्रकाश. एवढं नाव हाक मारायला परवडत नाही म्हणून त्याला बाबू म्हणत. बाबूची आई सुगंधा औषधांच्या कंपनीत गोळ्यांची पाकिटं भरायला जायची. सकाळची पाळी, हंगामी नोकरी. हंगामी बाईने रजा मागितली की साहेब हसून रजा द्यायचा, कायमची. म्हणून सुगंधाला गाव नाही. आईशिवाय बाबू रात्री झोपत नाही, म्हणून बाबूला गाव नाही. आणि बाबूला सांभाळायला दुसरं कोणी नाही, म्हणून दशरथला गाव नाही. घरात तीन माणसं आणि तिघं एकमेकांत अशी अडकलेली. घरात पगार मात्र एकच येत होता आणि तो दशरथचा नव्हता, हे कोणी बोलून दाखवत नसे. चाळीत अशा गोष्टी न बोलताही सगळ्यांना पाठ असतात.

खोलीवर सिमेंटचे पत्रे. बारा वाजल्यापासून खोलीत बसणं म्हणजे तव्याखाली बसणं. मग दशरथ बाबूला खांद्यावर घ्यायचा, पाण्याची बाटली आणि दोन लंगोट पिशवीत टाकायचा आणि सहलीला निघायचा. सहल हा शब्द सुगंधाचा. कामावरून आली की ती विचारायची, "आज कुठे गेली होती सहल?"

सहली ठरलेल्या होत्या. एका बँकेत पंखे चांगले होते. तिथे बापलेक बाकावर बसत, आणि पहारेकऱ्याने तिसऱ्यांदा पाहिलं की उठत. स्टेशनच्या बाहेर एक बर्फवाला लाकडाच्या भुशात लादी ठेवायचा. तिथे बाबूला बर्फाला हात लावायला मिळायचा. आणि सगळ्यात मोठी सहल जकात नाक्याची. शहरात शिरणारे ट्रक तिथे ओळीने खोळंबून उभे असत. आपल्याइतकं अडकलेलं दुसरं कोणी पाहायचं असेल तर नाक्याइतकी सोयीची जागा नाही. बाबू प्रत्येक ट्रककडे बोट दाखवून विचारायचा, "हा गावाला?" दशरथ सांगायचा, "नाही रे, हा नाशिकचा." कोकणातले ट्रक मानखुर्दच्या बाजूने येत. त्यामुळे त्या नाक्यावर गावचा एकही ट्रक कधी आला नाही.

हे सगळं निभलं असतं. प्रश्न केसांचा होता.

बाबूचे केस जन्मापासून कापले नव्हते. दशरथची आई शेवंती गावी असायची. तिने नातवासाठी गावच्या सातेरीला नवस केला होता, की पोराचं जावळ तुझ्याच दारात काढीन. पहिल्या वर्षी काढायचं, तर दशरथचे वडील वारले आणि घरात वर्षभर शुभकार्य बंद झालं. दुसऱ्या वर्षी जावळ काढत नाहीत. सम वर्ष चालत नाही. तिसरं वर्ष एप्रिलात लागलं, तेव्हा सगळे गावी आणि ही तिघं मुलुंडात. केस पाठीपर्यंत आले होते. मानेवर घामोळं, आणि डोक्यात उन्हाळ्याची गळवं. एक फुटलं की दुसरं तयार. बाबू झोपेत डोकं खाजवायचा आणि सकाळी उशीवर रक्ताचे ठिपके असायचे.

दशरथ दोन वेण्या घालायचा. गिरणीत साच्यावर तुटलेला धागा पळत्या हाताने सांधणारा माणूस. त्याची वेणी संध्याकाळपर्यंत सुटत नसे. चाळीतल्या बायका नळावरून ते बघत. शेजारची नलिनी म्हणाली, "भावजी, आता स्थळं बघायला लागा पोरीला." दशरथ हसला. संप मिटेपर्यंत हसायचं, असं त्याने बहुधा ठरवून टाकलं होतं.

एका रविवारी सुगंधा म्हणाली, आज मी पण येणार सहलीला, आणि तिघं बसने पवईच्या तलावावर गेली. चटई, चपात्या, बटाट्याची भाजी, सगळं रीतसर. बाजूला एक सुखवस्तू कुटुंब बसलं होतं. त्यातल्या बाईंनी बाबूचे गाल ओढले, बेबी किती गोड आहे म्हणाल्या आणि त्याला गुलाबी फुगा दिला. दशरथने फुगा घेतला आणि आभार मानले. सुगंधाने लगेच चटई गुंडाळली. घरी आल्यावर तिने बाबूच्या वेण्या सोडल्या. कानामागचं गळू फुटून केस त्याला चिकटले होते. ते सोडवताना पोराने जो टाहो फोडला तो नलिनीच्या पलीकडे पाच खोल्या ऐकू गेला.

"तुमच्या आईचा नवस, तुमच्या गावची देवी आणि पोर तुमचं," सुगंधा म्हणाली. "एकदा तरी काहीतरी तुम्ही ठरवा."

हे बोलणं फक्त केसांबद्दल नव्हतं. संपाचं युनियन ठरवणार, गिरणीचं मालक ठरवणार, पगाराचं सुगंधा बघणार, केसांचं सातेरी. दशरथच्या वाट्याला ठरवण्यासारखं उरलं होतं ते एवढंच, की आज बँकेत जायचं की बर्फवाल्याकडे.

दुसऱ्या दिवशी तो बाबूला घेऊन नाक्यावर गेला आणि ट्रककडे न बघता थेट धोंडिरामसमोर जाऊन बसला. धोंडिराम न्हावी, साताऱ्याकडचा. पिंपळाखाली खुर्ची मांडून ड्रायव्हर लोकांच्या दाढ्या करायचा. त्याने वस्तरा उघडला, बाबूच्या केसांत बोटं घातली आणि वस्तरा मिटला.

"हे जावळ आहे," तो म्हणाला. "मामा कुठाय पोराचा?"

मामा म्हणजे सुगंधाचा भाऊ गुणाजी. तोही गिरणीतलाच, तोही संपावर; तो गावी कधीच जाऊन शेतीला लागला होता. दशरथने तसं सांगितलं, आणि मी मांडीवर घेतो म्हणाला.

"बापाच्या मांडीवर जावळ काढायला मी काय परदेशातनं आलोय? मामा आणा."

हा वाद चालू असताना दाढीसाठी रांगेत बसलेला म्हातारा उठला. इसिडोर, दशरथचाच घरमालक. मुलुंडच्या जुन्या गावठाणातलं ख्रिस्ती घर. चाळीची जमीन त्याच्या आजोबांची. चाळीत त्याची ओळख पत्रे न बदलणारा माणूस अशी होती.

"मामाच पाहिजे ना? मी होतो मामा. दे पोराला इकडे," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला.

धोंडिरामने विचार केला. "क्रिश्चन मामा चालतो?"

"तू वस्तरा चालव. मामाचं मी बघतो."

दशरथकडे दोघांनी पाहिलं. मागे एका ट्रकवाल्याने कंटाळून हॉर्न दिला. दशरथ म्हणाला, "काढ."

जावळाचे केस जमिनीवर पडू देत नाहीत. इसिडोरने आपला चौकटीचा मोठा रुमाल पसरून धरला आणि पहिल्या बटेपासून शेवटच्या बटेपर्यंत एक केस खाली पडू दिला नाही. बाबू रडला नाही. समोर ट्रक होते. काम झालं तेव्हा चंद्रप्रकाश हे नाव त्याला प्रथमच शोभून दिसलं. मामाने भाच्याला टोपडं द्यायचं असतं हे धोंडिरामने सांगितल्यावर इसिडोर घरी जाऊन, बायकोच्या पेटीतलं, त्यांच्या लेकीच्या बाप्तिस्म्याचं लेस लावलेलं टोपडं घेऊन आला. ते घालून बाबू पुन्हा मुलगी दिसायला लागला.

कामावरून आल्यावर सुगंधाने टोपडं काढून डोक्यावरून हात फिरवला. त्या दुपारी बाबू पत्र्याखाली झोपला तो संध्याकाळी उठला, आणि दशरथला कित्येक महिन्यांनी पहिल्यांदाच दुपारी करायला काही काम नव्हतं. तो दारात नुसता बसून राहिला.

केसांची पुडी गावाला जाणाऱ्या एका माणसाबरोबर पाठवली. महिन्याच्या शेवटी गुणाजी काही कामाला मुंबईत आला तो फणस आणि निरोप घेऊन. आपली मांडी असताना घरमालकाची वापरली याचा राग त्याने आधी सविस्तर सांगितला. मग मुद्द्यावर आला. शेवंतीने पुडी देवळात नेली होती आणि देवीला कौल लावला होता. गुरवाने पाषाणाला कळ्या चिकटवल्या, हे केस मान्य असतील तर उजवी कळी दे म्हणून गाऱ्हाणं घातलं. डावी पडली. शेवंतीचा निरोप गुणाजीने तिच्याच शब्दांत सांगितला: "मुंबयत काडलेले केस देवी धरणा नाय. परत वाडवा."

दशरथने बाबूकडे पाहिलं. गळवं सुकत आली होती.

"सांग आईला," तो म्हणाला, "वाढवतो."

हे त्याने आयुष्यात स्वतःहून ठरवलेलं दुसरं काम. आणि ते खोटं होतं. पावसाळ्यात त्याने बाबूचे केस पुन्हा कापून आणले. दिवाळीच्या आधी पुन्हा. गावाहून येणाऱ्या प्रत्येकाबरोबर शेवंती विचारायची, केस कुठवर आले. दशरथ उत्तर पाठवायचा: कानापर्यंत. मग मानेपर्यंत. मग खांद्यापर्यंत. सुगंधा ऐकायची आणि पाकिटं भरायला निघून जायची. संप अजून मिटला नव्हता. तो मिटला असं कोणी कधी सांगितलंच नाही. लोक फक्त त्याबद्दल बोलायचे थांबले.

पुढच्या एप्रिलात सुगंधा घरी आली ती पेढे घेऊन. कंपनीने तिला कायम केलं होतं. मे महिन्यात रजा मंजूर, हवी तेवढी. गावाकडे निरोप आपोआप पोचला, कारण असा निरोप पोचवायला माणूस लागत नाही. शेवंतीने उलट कळवलं: सम वर्षाचा देवीकडून कौल घेतलाय, मामाला सांगून ठेवलंय, देवळात दिवस ठरवलाय, पोराला घेऊन या.

त्या संध्याकाळी नवराबायको बाबूकडे बघत बसली. त्याचे केस शाळेतल्या मुलासारखे बारीक, भांग पाडलेले.

"महिन्यात किती वाढतात?" सुगंधाने विचारलं.

"बोटभरसुद्धा नाही," दशरथ म्हणाला. एवढा अभ्यास त्याचा झाला होता.

सुगंधाने पेढ्याचा पुडा बंद केला. गावाला त्यांनी कळवलं की रजा रद्द झाली. केसांच्या खोट्यात आणखी एका खोट्याची भर पडली. मे महिन्यात सुगंधाने रजा मात्र घेतली, मंजूर झालेली वाया कशाला घालवायची म्हणून, आणि तिघं रोज दुपारी सहलीला जाऊ लागली. बँक, बर्फवाला, नाका. धोंडिरामने खुर्चीवरूनच हात केला. बाबूला आता पुष्कळ शब्द येत होते.

"बाबा, ह्यातला गावाला कुठला?"

"गावाचे इकडे येत नाहीत," दशरथ म्हणाला, आणि त्याला नीट दिसावं म्हणून खांद्यावर घेतलं.