दुखवट्यातले चुरोज

राजापेठेतल्या घरातून मी नेदरलँड्सला निघाले, तेव्हा आई फाटकाशी उभी राहून म्हणाली, "पोचली की सांगजो. तवरीक मी घर झाडत नाही." माणूस वाटेत असताना मागे केर काढू नये, हा तिचा नियम. मला हसू आलं. आणि इथे उतरल्यावर सामान, चाव्या, थंडी यांच्या गडबडीत फोन करायलाच विसरले. दुसऱ्या दिवशी तिनंच केला. दोन दिवसांचा केर घरात तसाच होता.

आईला जाऊन आता सव्वा वर्ष झालं. तेरवी करून परत निघाले, तेव्हा बाबा म्हणाले, "औंदा आपल्या घरी कढई चढत नाही." आमच्याकडे गमीच्या, म्हणजे दुखवट्याच्या घरात वर्षभर तळण करत नाहीत. दिवाळीचा फराळसुद्धा शेजारीपाजारी आणून देतात. लग्न झालेल्या लेकीला तीन दिवसांचं सुतक, मला तर मोकळीक होती. पण मीच ताडकन म्हणाले, "मीही नाही चढवणार. आई काय फक्त तुमचीच होती?" बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

मग दिवाळी आली. माझी सात वर्षांची इरा चुरोजसाठी, त्या तळलेल्या गोड स्पॅनिश कांड्यांसाठी, हटून बसली. शाळेत मैत्रिणींना सांगूनच आली होती बाईसाहेब. माझ्या डोक्यात वकिली शिरली. एअर फ्रायर म्हणजे कुठे कढई? तेलाचा तर नुसता फवारा! पाण्यात लोणी घालून उकळलं, मैदा टाकला, चकलीला काढतो तशी उकड काढली. आईनं दिलेल्या सोऱ्याला चांदणीची चकती लावून वीतभर कांड्या पाडल्या. बारा मिनिटं एअर फ्रायरमध्ये, वरून दालचिनी-साखर. काय कुरकुरीत झाले म्हणून सांगू! मीही चार खाल्ले. आणि अक्कल बघा माझी, कौतुकानं फोटो बाबांना पाठवला.

लगेच फोन आला.

"कढई चढवली?"

"नाही हो बाबा, एअर फ्रायर आहे. तळण नाहीच ते."

"हाव का? बरं केलं. लेकरानं खाल्लं न?"

एवढंच. ते रागावले असते तर मी भांडले असते, चार कारणं तयार होती माझ्याकडे. त्यांनी एकही विचारलं नाही. ज्या बाईनं माझ्या एका प्रवासापायी दोन दिवस घर झाडलं नाही, तिच्यासाठी मला एक वर्ष जीभ आवरता आली नाही. वर पळवाट शोधली. लाज वाटते, अजूनही वाटते. माझ्यासारखं घर सोडून परदेशात आलेल्या तुम्हा सगळ्यांना ठाऊक असेल, या पळवाटा किती सहज सुचतात.

वर्षश्राद्धाला येते म्हणाले होते. सुट्टी मंजूर झाली नाही. खरं सांगायचं तर मी जोर लावून मागितलीच नाही. श्राद्धाच्या संध्याकाळी बाबांना फोन केला. म्हणाले, "पंगत चांगली झाली. वडे शेजारच्या काकूनं तिच्या घरून तळून आणले."

"का बाबा? वर्ष तर झालं."

"झालं न. पण तू बोलली होती न, तुयी बी आई होती म्हणून. मंग तू आल्यावर चढवू कढई दोघं मिळून. मले काही घाई नाही."

इथले लोक विचारतात, घर कुठे तुमचं? मी या गावाचं नाव सांगते, पत्ताही तोंडपाठ आहे. पण घर म्हणजे मला आता राजापेठेतला आईचा स्वयंपाकाचा ओटा दिसतो. तिथे बाबा अजून पापडसुद्धा भाजून खातात, आणि मी अजून तिकीट काढलेलं नाही.