घोडा मागून बसला

थाटीपूरच्या आमच्या काकांच्या घराण्यात आजवर काहीही खाली आलेले नाही. पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले, तेव्हापासून मिशा, नाक आणि आवाज सगळे वरच. उंची तेवढी दर पिढीला खाली येत गेली, पण ती मोजण्याची घरात पद्धत नाही. पूर्वजांचा हुद्दा विचारला तर काका "घोड्यांशी संबंध होता" एवढेच सांगतात. तो संबंध टिकावा म्हणून मोटारसायकललाही ते घोडाच म्हणतात. दसऱ्याला पगडी घालून तलवारीशेजारी तिची पूजा करतात. सिग्नलला पाय जमिनीला पोचत नाहीत, म्हणून फुटपाथ गाठून थांबतात आणि वर "रस्त्याच्या कडेने चालावं, शिस्त असते" असे ऐकवतात.

त्यामुळे परवा त्यांच्या फाटकातच मी थिजलो. घोडा मागून बसला होता. काकांनी मागचे शॉकअप काढून आखूड बसवले होते! देवघरातली तलवार भंगारवाल्याला दिली असती, तरी मला एवढा धक्का बसला नसता.

"काका, तुम्ही गाडी खाली घेतलीत? तुम्ही?"

"हळू बोल. तुझ्या काकूचा घुटना वर नाही जात आता."

काकू दर गुरुवारी त्यांच्या मागे बसून खासगी बाजार मोहल्ल्यात बहिणीकडे जायच्या. सीटवर चढवेना, तशा घरीच बसल्या. सवाऱ्या नेणाऱ्या टेंपोचे नाव काढले की म्हणायच्या, "लग्न झाल्यापासून यांच्या मागे बसतेय. टेंपोवाल्याच्या मागे काय म्हणून बसू?" पुढे पुढे गुरुवारी त्या बोलेनाशाच झाल्या. काका मिस्त्रीकडे गेले.

मिस्त्री म्हणाला, "सरकार, गाड़ी नीची होगी तो स्टैंड लंबा पड़ेगा. थोड़ा काटना पड़ेगा."

"घोड़े का पैर काटोगे?" काका कडाडले. बाजूचा स्टँड तसाच लांब राहिला. आता गाडी त्यावर कलतच नाही. ताठ उभी राहते आणि वाऱ्याची झुळूक आली की पलीकडे आडवी होते.

"मग भिंतीला टेकवा," मी म्हणालो.

"का? आजारी आहे तो?"

काकू मात्र आता सहज बसतात. दर गुरुवारी बहिणीच्या माडीवर दोघींच्या गप्पा रंगतात, हसणे गल्लीपर्यंत ऐकू येते. चहा खालीच पाठवतात. काका संध्याकाळपर्यंत दारात घोडा धरून उभे असतात.