हरताना हात उचलायचा नाही

महिन्यापूर्वी हावड्याहून लाँचने येत होतो. आमचा जुना गोलकीपर तपन गर्दीतून वाट काढत आला आणि म्हणाला, "पोरचुरेदा गेले रे, काल दुपारी." म्हणजे वसंतराव परचुरे, आमचे हॉकीचे कोच. मला आधी रागच आला. या माणसाशी माझं एक भांडण मिटायचं राहिलं होतं...

सत्तर सालच्या आसपास आमच्या कचेरीच्या संघातले सहा जुने खेळाडू एकदम निवृत्त झाले आणि नव्या पोरांना घेऊन संघ उभा करायचं काम परचुऱ्यांकडे आलं. मुदत एका मोसमाची. नाही जमलं तर संघ बंद, आणि आमच्या नोकऱ्या तर हॉकीवरच लागलेल्या! आम्ही सपाटून हरत होतो. पण खरं सांगू? त्याचं वाईट वाटेनासं झालं होतं. हरायला लागलो की आम्ही मारामारी काढायचो. कुणाचा दात पाड, कुणाचं डोकं फोड. नक्षलवाद्यांच्या धामधुमीत शहरात रोज बॉम्ब फुटत होते, आमच्या स्टिकांचं कुणाला काय! मग चहा पिताना "हरलो, पण साल्यांना ठोकून आलो" म्हणत खिदळायचो. परचुरे एकदा कडाडले, "हरायची सवय मोडता येते. हरण्यात मजा यायला लागली की संपलं! यापुढे हरताना हात उचलायचा नाही."

मी उचलला. तीन गोलांनी मागे होतो, समोरच्याने बरगडीत कोपर मारलं, मी त्याच्या तोंडावर स्टिक घातली. नाकातून भळाभळा रक्त. परचुरे धावत मैदानात आले, माझीच स्टिक हिसकावली आणि सगळ्यांदेखत माझ्या नडगीवर हाणली. हाड मोडलं. उरलेल्या दहांना म्हणाले, "खेळा." दोन महिने मी प्लास्टरमध्ये पडून त्यांना शिव्या घातल्या. ते एकदाही बघायला आले नाहीत.

मोसमाचा शेवटचा सामना मी लंगडत बघायला गेलो. दोन-एकने मागे होतो, दहा मिनिटं उरलेली. प्रेक्षकांतून विटा यायला लागल्या आणि एक परचुऱ्यांच्या डाव्या डोळ्यावर बसली. आमची पोरं स्टिका घेऊन गर्दीवर धावली. त्यांच्यापुढे मी, लंगड्या पायाने! मागून ओरडणं आलं, "फिरा मागे! दहा मिनिटं आहेत अजून!" परचुरे डोळा दाबून गुडघ्यांवर बसले होते, बोटांतून रक्त ओघळत होतं. पोरं फिरली. खेळली. दोन-दोन झाले. कचेरीने आणखी एक मोसम दिला, आणि संघ आजही आहे.

परचुऱ्यांचा तो डावा डोळा मात्र गेला. माझ्या पायाचा विषय त्यांनी कधी काढला नाही, मीही नाही. ते चुकलेच होते, आजही म्हणतो. आणि ते नसते तर आमचं काही खरं नव्हतं, हेही म्हणतो.

परवा आम्ही पाच जण बागबाजारला त्यांच्या घरी गेलो. खिडकीपाशी त्यांची वेताची खुर्ची रिकामी होती. काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अरे, असे एकमेकांच्या अंगावर का बसलात? त्या बाजूला एवढी जागा आहे की!" तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं. आम्ही पाचही जण खुर्चीच्या उजवीकडे, त्यांना दिसू अशा बेताने बसलो होतो... कुणीच उठलं नाही.