तळहाताखालचा हात

नागपूरचा फोन आला तेव्हा सूनबाई, मुग्धा, कपड्यांच्या घड्या घालत होती. "आई गेली," एवढंच म्हणाली आणि घड्या घालतच राहिली... मी जवळ जाऊन उभी राहिले. आज काही आठवड्यांनी खूप बोलावंसं वाटतंय, तर ऐकायला शालिनीताई नाहीत.

शालिनीताई माझ्या विहीणबाई. माझ्या मुलाच्या, निखिलच्या लग्नात मी त्यांना पुरतं नाचवलं होतं. कॉफी गार म्हणून परत पाठवली, गरम आली तर जीभ पोळली म्हणून रुसले. पुण्याची वरमाय काय चीज असते, हे नागपूरकरांना कळायलाच हवं होतं ना! मुग्धाच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघी इथे अमेरिकेत, नेपरव्हिलला येऊन थडकलो, तेव्हाही माझा तोरा तोच. "बर्फ म्हणजे काय वाघ आहे?" असं त्यांना ऐकवून सपाता घालून ड्राइव्हवेवर गेले आणि उजव्या हातावर आपटले. कोपर ते मनगट, दोन्ही हाडं मोडली.

मग आंघोळ, वेणी, घास, सगळं विहिणीच्या हाती. परकराची नाडी बांधायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, "डोळे मिटा."

"मिटते बाप्पा," त्या म्हणाल्या, "पण मग नाडी तुमची बांधली का पडद्याची, ते नका विचारू!"

प्लास्टर निघालं, तर तळहात वर वळेना. थेरपिस्ट मुलीने समजावलं, करंगळीकडचं हाड जागेवर राहतं, अंगठ्याकडचं त्याच्यावरून फिरतं, तेव्हा हात उताणा होतो. माझं फिरणारं हाड अडून बसलं होतं. "तुमच्यावरच गेलंय," इति शालिनीताई. व्यायाम करताना माझं तोंड वेडंवाकडं होई. ते विहिणीला दिसू नये म्हणून मी व्यायामच बुडवले. शहाणीच!

तेवढ्यात नात झाली. जो तो तिला हातांवर घेई. माझा हात मात्र आडवाच, साऱ्या घराशी शेकहँड करायला निघाल्यासारखा. पडली तर?... मी म्हटलं, सर्दी झालीय. ती सर्दी काही केल्या बरी होईना. एका दुपारी शालिनीताई बाळाला घेऊन माझ्या खोलीत आल्या, दार लोटलं. आवाजात थट्टा नव्हती.

"मुग्धा रडून राहिली आहे. तुम्ही हिला घेत नाही, ते मुलगी झाली म्हणून तर नाही नं?"

ते वाक्य आठवलं की अजून कान तापतात. हात वळत नाही एवढं सांगायची लाज, म्हणून मी स्वतःच्या नातीला नकोशी ठरू दिलं होतं! मी नुसता हात पुढे केला आणि रडले. त्यांनी मला बसवलं, मांडीवर उशी ठेवली, माझ्या मनगटाखाली आपला तळहात घातला आणि जरा जरा वळवत वर बाळ ठेवलं. "दुखलं तर ओरडा. ही तरी कुठं झोपलीय!"

मग मुग्धाला हाक मारली. खरं काय ते मलाच सांगावं लागलं, पण सांगून होईस्तोवर त्यांनी तो खालचा हात काढला नाही.

पुढे हात बराच सुटला, पुरता कधीच नाही. त्या फोननंतर मुग्धाचा चेहरा हातात घ्यावा म्हणून मी तो उचलला, तर मध्येच अडला. आई हिची गेली, आणि अवघडून उभी मी... मुग्धाने पाहिलं. मान कलती केली, आणि माझा हात जिथवर वळतो तिथवर गाल आणून टेकवला.