पाण्यात वाचलेलं पत्रक

आमच्या घरात कोरा कागद कधी नसायचाच. बाबा कारखान्याच्या युनियनची पत्रकं लिहायचे आणि वाटून उरलेली घरी यायची. माझ्या शाळेच्या पुस्तकांना कव्हरं त्यांचीच, मसाल्याच्या डब्यांखाली तीच, आणि पाठकोऱ्या बाजूवर माझी गणितं. 'कामगार बंधूंनो' हे शब्द मी बाराखडी पुरी व्हायच्या आधी वाचले. जगात जे जे वाईट चाललं आहे ते वेळेवर चांगलं पत्रक न निघाल्यामुळे, असं मला तेव्हा मनापासून वाटे. आजही ते मत मी पूर्ण सोडलेलं नाही.

माणिकपूरला राहायला आल्यावर कॉलेजात मला एक मैत्रीण मिळाली. जवळच्याच गावातली, ख्रिस्ती वाडीवाल्यांच्या घरातली. त्यांच्या आळीच्या शेवटी तिच्या मोठ्या काकांचं बावखल होतं. बावखल म्हणजे बागेला पाणी मिळावं म्हणून जुन्या लोकांनी खणलेलं छोटं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आणि आसपासच्या विहिरी त्याच्या जिवावर गोड राहतात. त्या डिसेंबरात कळलं, की काका ते बुजवणार. नवीन वर्ष लागलं की मातीचे डंपर येणार आणि मग तिथे इमारत.

मी अर्थातच पत्रक काढलं. मथळा मोठ्या ठळक टाइपात: 'बावखल बुजवू नका'. खाली बाबांनी बारीक अक्षरांत सात मागण्या आणि भूगर्भातल्या पाण्याचा समग्र इतिहास घातला. स्वस्तातला गुलाबी, पातळ कागद. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सुटल्यावर देवळाबाहेर उभं राहून मी ती वाटली. काकांनीही एक घेतलं, चार घड्या घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "वाचतो हं, बाय." त्या 'हं'मध्येच सगळं कळलं. निम्मा गठ्ठा घरी परत आला.

माझं तोंड बघून मैत्रीण म्हणाली, "तू सभा सोडून काही बघितलंयस का इथलं? चल, नाताळचे तारे दाखवते."

मग नाताळाआधीच्या त्या आठवड्यात रोज संध्याकाळी अंधार पडला की आम्ही तिच्या लूनावरून निघायचो. माणिकपूरच्या एका गल्लीत कुणीतरी तेलाच्या रिकाम्या डब्यांना खिळ्याने भोकं पाडून त्यांचा तारा केला होता. तारा दिसायला ओबडधोबड, पण आत दिवा लागला की समोरच्या भिंतीवर ठिपक्यांचं आभाळ पसरायचं आणि वाऱ्याबरोबर ते आभाळ हलायचं. लोक ताऱ्याकडे पाठ करून भिंत बघत उभे.

चंदनसारला कोकणातून आलेल्या मंडळींच्या एका इमारतीने दिवाळीचे कंदील उतरवलेच नव्हते. कुठल्या गॅलरीत कुठला कंदील लावायचा हे ठरवून त्यांनी चार मजल्यांवर मिळून एकच प्रचंड तारा साधला होता. फक्त वरच्या मजल्यावरचे आजोबा लवकर झोपायचे, त्यामुळे ताऱ्याचं एक टोक लवकर विझायचं. खाली उभी असलेली मुलं ओरडायची, "आजोबा, टोक!"

पण सगळ्यात सुंदर दिसलं ते कळंबला. ओढून ठेवलेल्या होडीच्या काठीवर जाळ्याला लावतात त्या तरंगत्या बोयांचा तारा बांधून त्यात दिवे लावले होते. ओहोटी लागलेली, वाळू ओली, आणि त्या वाळूत दुसरा तारा उलटा पेटलेला.

परत येताना मी बोलत सुटले. म्हटलं, तिकीट नाही, उद्घाटनाला पुढारी नाही, खाली देणगीदाराची पाटी नाही. कला असावी तर अशी, रस्त्यावरची आणि सगळ्यांची. खरी लोकशाही हीच.

"लोकशाही खरीच," मैत्रीण म्हणाली, "पण आधी उतर. चढावर लूना दोघींना ओढत नाही."

लूना ढकलता ढकलता तिच्या डोक्यात आलं, की आळीचा तारा यंदा क्रुसाजवळ न टांगता बावखलावर टांगायचा. म्हणजे एकाचे दोन होतील. आळीतल्या पोरांना हे इतकं आवडलं की त्यांनी बांबूच्या कामट्यांचा सांगाडा दुप्पट मोठा केला. आणि नाताळच्या आदल्या दिवशी दोन टोकं व्हायच्या आतच कागद संपला. दुकानात मिळेना. मी घरी जाऊन गुलाबी गठ्ठा घेऊन आले.

मैत्रिणीच्या आईने एक पत्रक उचलून पाहिलं आणि स्पष्ट सांगितलं, की बाळ येशूच्या ताऱ्यावर मोर्चा चालणार नाही. मी वाद घातला. येशूच्या जन्माचा तो पहिला तारासुद्धा राजाविरुद्धची बातमीच होती, वगैरे. त्या शांतपणे खळ ढवळत म्हणाल्या, "अक्षरं आत. नाहीतर कागद परत ने."

अक्षरं आत गेली. तारा अंगणात आडवा, भोवती आम्ही सगळे. वर कोरी बाजू, त्यामुळे कुठलं पत्रक सरळ लागलं आणि कुठलं उलटं, कुणाला कळायला मार्गच नव्हता. रात्रीच्या मिस्सेआधी दोन माडांच्या मध्ये दोर बांधून पोरांनी तो पाण्यावर टांगला आणि दिवा लावला.

गुलाबी उजेडात मथळे दिसू लागले. पण आतून छापलेले, त्यामुळे सगळे उलटसुलट. कुठली लिपी म्हणून कुणी सांगू शकलं नसतं. मैत्रिणीच्या आईने माझ्याकडे पाहिलं आणि समाधानाने मान हलवली.

मग काठावर वाकलेली एक चिमुरडी एकेक अक्षर लावत वाचायला लागली, "बा... व... ख... ल..."

आम्ही धावलो. जी पत्रकं खाली डोकं वर पाय चिकटली होती, ती पाण्यात अगदी सरळ उमटली होती. वर ताऱ्यात एक शब्द लागत नव्हता, आणि खाली पाण्यात ठळक लिहिलेलं होतं: बावखल बुजवू नका. एकदा नाही, कितीतरी वेळा. वारा आला की शब्द मोडायचे, वारा थांबला की पुन्हा जुळायचे. मिस्सेला निघालेली माणसं नव्या कपड्यांत काठावर ओणवी होऊन वाचत होती, हसत होती, मागच्यांना जागा करून देत होती. देवळाबाहेर वाटून मला एवढे वाचक मिळाले नव्हते.

तेवढ्यात काका आले. बरोबर नाताळला आलेले पाहुणे. लोकांनी बाजूला सरून त्यांना वाट करून दिली. मैत्रिणीने माझा हात घट्ट धरला. घरचा माणूस, घरची जमीन, आणि सणाच्या रात्री भर गर्दीत हे. काकांनी आधी वर पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले आणि वाचू लागले. ते बोलले त्यांच्या घरच्या बोलीत, ती मला नीट लिहिता येत नाही म्हणून साध्या मराठीत सांगते.

"चांगलं केलंत. आता मी हे बुजवलं, तर तुमचं पत्रक वाचायचं कुठे?"

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि सगळ्यात मोठ्याने काका. पाहुण्यांना हाताला धरून ते काठाशी आणायचे आणि कुठून वाचायचं ते दाखवायचे, जणू छपाई त्यांचीच.

हसण्यावर मी विश्वास ठेवला नाही. लोक सभेत टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन हवं तेच करतात, हे पत्रकवाल्यांच्या घरात लवकर कळतं. नवीन वर्ष लागल्यावर मी रोज कॉलेजला जाताना वाकडी वाट करून बघायचे. तारा उतरला, दोर तसाच राहिला. डंपर आले नाहीत. महिना संपता संपता काकांनी काठाने केळीची नवी रोपं लावलेली दिसली, तेव्हा कुठे मी घरी येऊन बाबांना सांगितलं.

बाबांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "आणि सात मागण्या? त्या दिसल्या का पाण्यात?"

मी नाही म्हटलं. ते थोडे हिरमुसले.

पुढच्या डिसेंबरात आळीत पुन्हा खळ शिजली. पत्रकात या वेळी तीनच शब्द होते, आणि ते बाबांनीच कापूनकापून तीनवर आणले होते. मी पहिला कागद लावायला घेतला तेवढ्यात ओट्यावरून काकांचा आवाज आला.

"उलटं लाव, बाय. सरळ लावलंस तर कोण वाचणार?"